गडवाट : नारळी पौर्णिमा होऊ दे, मग निघ

आषाढ लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो : पावसात गडावर जायचंय, पहिल्यांदाच जायचंय, काय करू? बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्याहून जास्त वर्षं सह्याद्रीत हिंडले. त्या दोन्हींतून जे कळलं ते लिहिते आहे. पहिल्या पत्राचं उत्तर जरा मोठं झालं आहे, कारण तसलीच पत्रं सगळ्यात जास्त आली आहेत.

"ताई, मी ठाण्याला राहते, वय २३. ऑफिसमधल्या आम्ही नऊ जणांनी जुलैच्या दुसऱ्या रविवारी गडावर जायचं ठरवलंय. नऊपैकी एकही जण याआधी पावसाळ्यात डोंगरावर गेलेला नाही. कोणी हरिहर म्हणतंय, कोणी कलावंतीण. सगळ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेत. आई-बाबा 'अजिबात नाही' म्हणून बसलेत. कुठला गड निवडू आणि घरी कसं समजावू?"
— एक वाचक, ठाणे

नऊपैकी कोणालाच अनुभव नाही, हे तू सरळ लिहिलंस ते फार बरं केलंस. गडाचं नंतर बोलू, आधी तारखेचं बोलते. जुलैचा दुसरा रविवार सोडून दे.

आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालत नाहीत. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते थांबतात; मग ज्यांनी डोंगर अजून पाहिलाच नाही त्यांनी तर थांबावंच. अरबी समुद्रावरून येणारं वारं सह्याद्रीच्या भिंतीवर चढतं, गार होतं आणि सगळं पाणी घाटमाथ्यावर ओतून मोकळं होतं. पुण्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून ६५ किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारांच्याही पुढे. यातला सर्वांत जोराचा हिस्सा जुलैमध्ये येतो. तोवर माती तुडुंब भिजलेली असते, तिच्यात आणखी पाणी मुरायला जागाच उरलेली नसते. माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं ते ३० जुलै २०१४ ला. इर्शाळवाडीवर दरड आली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. इर्शाळगडाला जाताना त्या वाडीत थांबून मी कितीदा तरी चहा घेतला आहे. त्या ओट्यांची आठवण आली की अजून गलबलून येतं. म्हणून जुलैमध्ये नवख्यांनी घाटातले चढ चढूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रावण सरताना किंवा भाद्रपदात जा. पाऊस असतो, धबधबे असतात, ढग अंगावरून जातात, आणि अधूनमधून ऊन पडून दरीही दिसते. तेरडा फुललेला असतो, सोनकी उघडायला लागलेली असते. जुलैच्या झोडपणाऱ्या पावसात समोरच्याची पाठसुद्धा धड दिसत नाही, गड कुठला दिसायला!

आता गड. हरिहर आणि कलावंतीण ही दोन्ही नावं यादीतून खोड. हरिहरच्या पायऱ्या उभ्या कातळात खोदलेल्या आहेत. हात धरायला खोबण्या आहेत, पण वरून उतरणारा आणि खालून चढणारा एकाच पायरीवर भेटले की काय होईल ते तूच मनात आण. कलावंतिणीच्या पायऱ्यांना एका बाजूला दरी आहे आणि कठडा नाही. पावसाळ्यात तिथे बऱ्याचदा बंदीही असते. विसापूरची ओढ्यातून चढणारी पायऱ्यांची वाटही पहिल्या खेपेला नको. फोटोत ती फार सुंदर दिसते, कारण पायऱ्यांवरून धबधबाच वाहत असतो. पण पाणी पायाखालून वाहत असताना पायरी कुठे संपते ते कळत नाही.

तुम्हा नऊ जणांना मी कोरीगड सुचवेन. लोणावळ्याच्या दक्षिणेला, पेठ शहापूर हे पायथ्याचं गाव. बांधलेल्या पायऱ्या आहेत, रमतगमत तासाभरात वर जाता येतं. वर सपाट पठार, दोन तळी, कोराई देवीचं मंदिर, तोफा आणि सगळीकडून शाबूत असलेली तटबंदी. १६५७ मध्ये शिवरायांनी लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्याबरोबर हा गड घेतला. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने वेढा घातला तेव्हा गड काही दिवस लढला; मग एक तोफगोळा दारूकोठारावर पडला आणि सगळं संपलं. तटावरून चालताना हे ठाऊक असलं की पायाखालचा दगड वेगळा वाटतो.

एकच अडचण : लोणावळ्याहून तिकडे जाणारा रस्ता भुशी धरणाजवळून जातो आणि शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग हलत नाही. म्हणून आठवड्याच्या मधली सुटी घ्या. नऊ जणांना एकदम सुटी मिळणार नसेल तर पाच जण जा. तेही बरंच, पहिल्या खेपेला पाच हा चांगला आकडा आहे.

लोहगडही सोपा आहे. मळवली स्टेशनवर उतरून, भाजे गावातून गायमुख खिंडीत चढायचं आणि उजवीकडे लोहगडवाडीला वळायचं. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं एकामागून एक येतात. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आपले जे मराठा लष्करी गडकोट गेले त्यांत लोहगड आहे. पण त्या अरुंद दरवाजांत रविवारी इतकी दाटी होते की माणसं तासन्‌तास अडकून पडतात. ओल्या दगडावर, मागून रेटा येत असताना उभं राहणं हे कड्यावर उभं राहण्याइतकंच वाईट. मधल्या वारी जायला जमलं तरच लोहगड.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती. लोक कड्याला घाबरतात, आणि भीती माणसाला कड्यापासून आपोआप लांब ठेवते. ओढ्याला मात्र कोणीच घाबरत नाही.

१९८८ चा जुलै. मी बावीस वर्षांची, आम्ही कॉलेजातल्या सात जणी. लोणावळ्याहून राजमाचीला चालत गेलो, उधेवाडीत एका घरी मुक्काम केला. रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी परत निघालो तर आदल्या दिवशी ज्या ओढ्यात आम्ही घोटाभर पाण्यात उभ्या राहून हसत तोंड धुतलं होतं, तो ओढा समोर होता. पाणी गुडघ्याच्या जरा वर असेल. पलीकडचा काठ दहा-बारा पावलांवर. आमच्यातल्या दोघींनी हात धरून पाय घातलेही होते.

काठावर एक आजोबा इरलं पांघरून बसले होते. गुरं अलीकडे अडकली म्हणून आलेले. ते म्हणाले, "पोरींनू, मागं व्हा. पानी लाल झालंय." आम्ही पाहिलं. खरंच, आदल्या दिवशी नितळ असलेलं पाणी दुधाच्या चहासारखं झालं होतं. त्यावर काटक्या, पालापाचोळा, उपटलेलं गवत येत होतं. "आता खालचं ऐका," ते म्हणाले. आम्ही गप्प झालो तेव्हा ऐकू आलं. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, जात्यावर दळल्यासारखा घरघर. ओढ्याच्या तळाशी दगड गडगडत चालले होते. त्या पाण्यात पाय टाकला असता तर पायाखाली जमीन नव्हतीच, चालते दगड होते.

आजोबांनी हातातली काठी पाण्याच्या अगदी कडेला चिखलात रोवली आणि म्हणाले, काठीकडं बघा. वीस-पंचवीस मिनिटांत पाणी काठीवर वीतभर चढलं. आमच्या डोक्यावर त्या वेळी पाऊस जवळजवळ थांबला होता! पाऊस वर, डोंगरात पडत होता आणि पाणी आमच्यापर्यंत येत होतं.

आम्ही उधेवाडीला परत गेलो, आणखी एक रात्र राहिलो. तेव्हा फोन नव्हते. दुसऱ्या दिवशी लोणावळ्याला पोचलो तर माझे बाबा स्टेशनच्या बाकावर बसलेले. रागावले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा मागवला. त्यांचा हात थरथरत होता, ते मी विसरलेली नाही.

तेव्हापासून प्रत्येक पावसाळी वाटेवर, ओढा ओलांडला की मी कडेला काठी रोवते नाहीतर पाण्याच्या रेषेवर एक दगड मांडते. परतताना पाणी त्या खुणेच्या वर असेल तर थांबायचं. हे तुम्हीही करा. पाणी गुडघ्याला लागलं आणि वाहतं असलं तर उतरायचं नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून जे काल जमलं ते आज जमेलच असं नाही. आणि पाणी उतरतंही लवकर. घाटातले ओढे आखूड असतात, पाऊस ओसरला की काही तासांत खाली येतात. वाट पाहायला खाऊ आणि कोरडे कपडे जवळ असले की झालं.

घरचं राहिलं. बाबांना "काळजी करू नका" म्हणू नकोस, त्याने कोणाची काळजी मिटत नाही. त्यांना एक कागद दे. त्यावर गडाचं नाव, पायथ्याचं गाव, कशाने जाणार, बरोबरच्या दोघांचे फोन नंबर, किती वाजता परत फिरणार आणि किती वाजेपर्यंत तुझा फोन येईल ते लिही. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर त्यांनी ११२ ला फोन करायचा. आणि आणखी एक कर : निघायच्या आधीचे तीन दिवस घाटात किती पाऊस झाला ते रोज बाबांना बघायला सांग. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर जाणं रद्द, हे त्यांनीच तुला सांगायचं आणि तू ऐकायचं. परवानगी देणाऱ्याला निर्णयात घेतलं की तो अडवणारा राहत नाही.

परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा. कोरीगडासाठी मी दुपारी एक म्हणेन. एक वाजता जिथे असाल तिथून मागे. दरवाजा दहा पावलांवर असला तरी.

"माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याच्या क्लासची मुलं एका आयोजकाबरोबर हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जाणार आहेत, साठ जण. पैसे भरून झालेत. मला त्या आयोजकाला काय विचारावं तेच कळत नाही. मुलगा म्हणतो, तू फोन केलास तर माझी लाज जाईल."
— एक आई, सातारा

फोन कराच. मुलगा दोन दिवस रुसेल, रुसू दे.

पहिला प्रश्न : कुठल्या वाटेने नेणार? हरिश्चंद्रगडाला पाचनईहून सगळ्यात सोपी वाट आहे. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून जाणारी लांब आहे आणि खिंडीनंतर कातळाचे टप्पे आहेत. नळीची वाट, म्हणजे कड्याच्या घळीतून थेट वर चढणारी, पावसाळ्यात कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, चढू नये. उत्तर 'नळीची वाट' आलं किंवा 'तिथे गेल्यावर बघू' आलं, तर पैसे गेले तरी मुलाला पाठवू नका.

दुसरा : साठ मुलांमागे वाट माहीत असलेली माणसं किती? दहांमागे एक असावा असं मला वाटतं, आणि त्यांतला एक जण सगळ्यांत शेवटी चालणारा हवा. तो शेवटचा माणूस कोण, त्याचं नाव विचारा. ज्यांची तयारी नीट असते ते क्षणात सांगतात.

हे मी इतकं आवर्जून का लिहिते आहे? माझी भाची एकदा अशाच सत्तर जणांच्या घोळक्याबरोबर गेली होती. धुक्यात बुटाची नाडी बांधायला खाली बसली आणि उठली तेव्हा पुढे कोणी नव्हतं, मागेही नव्हतं. मागून येणारा नेमलेलाच नव्हता. मोजदाद केली ती थेट गाडीत बसल्यावर, तीन तासांनी. पोरगी शहाणी, जागेवरून हलली नाही. दर थोड्या वेळाने शिट्टी वाजवत बसली. गुरं घेऊन चाललेल्या एका बाईंनी ती शिट्टी ऐकली आणि तिला खाली आणलं. तिच्या गळ्यात ती शिट्टी होती म्हणून. तुमच्या मुलाच्याही गळ्यात एक अडकवा आणि सांगा : चुकलास तर उतरायला लागू नकोस, थांब आणि तीनदा वाजव, मग थांब, पुन्हा तीनदा. सह्याद्रीत चुकलेली माणसं बहुतेक वेळा उतार दिसेल तिकडे उतरत जातात, ओढ्याला लागतात, आणि ओढा नेऊन कड्यावर सोडतो.

तिसरा : राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, ती केली आहे का? चौथा : पाऊस वाढला तर मुक्काम कुठे? गडावर गुहा आहेत, पण साठ मुलं भिजलेली असतील तर पायथ्याच्या गावात कोणाची घरं बोलून ठेवली आहेत?

गडावरच्या कोकणकड्याबद्दल मुलाशी तुम्ही स्वतः बोला. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, काठावर उभं राहिलं की खाली आधार नाही. धुकं असताना जवळही जायचं नाही. स्वच्छ असेल तर झोपून, पोटावर सरकत, कोणीतरी पाय धरून.

"कुठले बूट घेऊ? आणि छत्री चालेल का?"
— नाशिकहून एक विद्यार्थी

महागडे बूट घ्यायची गरज नाही. रबरी, खोल खाचांचा सोल आणि घोटा धरून ठेवणारी बांधणी एवढं पाहा. साधे हंटर शूजही चालतात. नवे बूट असतील तर आधी आठ दिवस घरात, बाजारात घालून फीर. पण हे लक्षात ठेव की ओल्या शेवाळावर कुठलाच सोल धरत नाही, तिथे डोळे कामी येतात. काळा तुळतुळीत, तेल लावल्यासारखा चमकणारा कातळ दिसला की वळसा घाल. करडा, खरबरीत दिसेल तिथे पाय दे. गडाच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात आणि पाणीही तिथूनच वाहतं, म्हणून भिंतीच्या बाजूने, पाऊल पूर्ण टेकवून चाल. कडेच्या गवतावर भरवसा ठेवू नकोस, त्याखाली जमीन असेलच असं नाही.

छत्री नको. वाऱ्याने उलटते आणि एक हात अडवते. रेनकोट घे, पण त्यातही घामाने भिजशीलच. म्हणून सॅकच्या आत मोठी प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात एक पूर्ण कोरडा जोड, अगदी मोज्यांसकट. तो उतरून खाली आल्यावरच काढायचा. जीन्स घालू नकोस, भिजली की पाय उचलत नाही.

वर वारं असतं आणि ओल्या अंगाला ते फार लवकर थंड करतं. बरोबरचा एखादा कुडकुडत असेल, त्याला बुटाची नाडी बांधता येईना, बोलताना शब्द अडखळायला लागले, तर लगेच आडोसा, कोरडे कपडे, काहीतरी गोड खायला, आणि मग खाली. कुडकुडणं थांबलं आणि तो सुस्त झाला तर बरा झाला असं समजू नकोस. ती जास्त धोक्याची खूण आहे.

"ताई, हा प्रश्न कोणाला विचारता येत नाही. ट्रेकच्या दिवशीच पाळी येणार आहे. वर स्वच्छतागृह नसतं म्हणतात. बरोबर मुलंही आहेत. जाऊ की नको?"
— नाव छापू नये

दुखत नसेल तर जा. देवळात जायचं की नाही हा तुझा तुझा प्रश्न, पण डोंगराला तुझ्या पाळीचं काही नाही.

पायथ्याच्या गावात पोचलीस की ज्या घरी चहा किंवा जेवण सांगाल, त्या घरातल्या ताईंना हळूच विचार. मला आजवर एकाही घरी नाही म्हटलेलं नाही. चढताना एक मैत्रीण ठरवून ठेव, ती वाटेवर उभी राहील आणि तू आडोशाला जाशील. ओढ्यापासून, तळ्यापासून आणि टाक्यापासून बरंच लांब; गडावरचं टाकं अनेकदा तिथल्या माणसांचं पिण्याचं पाणी असतं. आणि जिथे बसशील तिथलं गवत आधी काठीने हलव.

पॅड ओलं राहिलं की मांड्या सोलवटतात. पावसात ते होतंच. म्हणून निघताना मांड्यांना आतून व्हॅसलीन लाव, आणि नेहमीपेक्षा लवकर बदल. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून झिपच्या जाड पिशवीत, आणि ती पिशवी घरापर्यंत परत. पुरून ठेवू नकोस, कुत्री उकरतात. कप वापरायची सवय असेल तर उत्तम, पण पहिला प्रयोग त्या दिवशी करू नकोस.

आणि एक कळकळीने सांगते. पुष्कळ मुली लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. पावसात तहान लागत नाही, पण घाम वाहतच असतो. दुपारी डोकं दुखायला लागतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि नेमकं उतरताना पाय लटपटतो. पाणी पी. दोन घोट, दर अर्ध्या तासाने. त्यात मीठ-साखर घातलीस तर आणखी चांगलं.

बरोबरच्या मुलांना एवढंच सांगायचं : तुम्ही पुढे व्हा, आम्ही दोघी येतो. कोणी कारण विचारणार नाही. विचारलं तर खरं सांग.

"वय ६३. गुडघे कुरकुरतात. नातवंडांबरोबर एकदा पावसातला गड पाहायची फार इच्छा आहे."
— एक आजोबा, अहिल्यानगर

जरूर जा, डॉक्टरांना एकदा विचारून. गुडघ्याला चढ त्रास देत नाही तेवढा उतार देतो. दोन काठ्या घ्या, उतरताना आधी काठ्या खालच्या पायरीवर, मग पाऊल. तिरपं, आडवं पाऊल टाकून उतरलात तर गुडघ्यावर भार कमी येतो. चढायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ उतरायला राखून ठेवा. लोहगडाच्या शेवटच्या दारापर्यंत गेलात, विंचूकाटा ही लांब, चिंचोळी माची वरूनच पाहिलीत, तरी गड पाहिल्यासारखंच आहे. विंचूकाट्याची माची उतरून पुन्हा चढावी लागते, तो हट्ट नातवंडांना करू द्या.

"जळवा लागल्या तर ओढून काढाव्या का? आणि गडावरून आल्यावर ताप आला तर?"
— डोंबिवलीहून एक वाचक

ओढू नका, मीठही टाकू नका. नख तिरपं धरून तिच्या तोंडाच्या बाजूने कातडीवरून सरकवलं की ती सुटते. त्यानंतर रक्त बराच वेळ येत राहतं. जळू रक्त गोठू न देणारा द्रव सोडते म्हणून. घाबरायचं नाही, धुवून पट्टी दाबून बांधायची. जळवा भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयनेच्या जंगलात जास्त.

तापाचं मात्र मनावर घ्या. पायाला जखम किंवा खरचटलेलं असताना गुराढोरांच्या वाटेवरच्या चिखलपाण्यातून चाललात, की लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. उंदीर, गुरं यांच्या मुत्रातून तो पाण्यात येतो. ताप बहुधा आठवडा-दोन आठवड्यांनी येतो, आणि तोवर आपण गड विसरलेलो असतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की आपण पावसात डोंगरात गेलो होतो. हे एक वाक्य उपचार लवकर सुरू करतं.

"आम्ही चौघी मागच्या महिन्यात तिकोन्याला गेलो. शेवटच्या उंच पायऱ्यांवरून पाणी इतकं धोधो येत होतं की मी म्हटलं, मला नाही जमणार. माझ्यामुळे चौघी परत फिरलो. गड वीस मिनिटांवर होता. आता ग्रुपमध्ये सगळे मला चिडवतात, आणि मलाही वाटतं की माझ्यामुळे सगळ्यांचा पहिला ट्रेक फुकट गेला."
— एक वाचक, चिंचवड

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्या पायऱ्या मला चांगल्या माहीत आहेत. गुडघ्याएवढ्या उंच, अरुंद, आणि पावसात तिथून सगळ्या माथ्याचं पाणी खाली येतं. चढताना माणूस वर बघत असतो, पाणी छातीवर घेत कसंबसं जातो. उतरताना त्याच पायऱ्या, तेच पाणी, पण आता पाठीमागून ढकलणारं. तू 'नाही जमणार' म्हणालीस तेव्हा तुझ्या तीन मैत्रिणींपैकी एकीने तरी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला असेल. एकेकीला बाजूला घेऊन विचार.

चिडवणाऱ्यांपैकी त्या पायरीखाली कोण उभं होतं? जे नव्हते त्यांचं बोलणं कानाआड कर.

फुकट काय गेलं? तुम्ही तिकोना पेठेतून चढलात. वाटेत चपेटदान मारुती पाहिला असेल, पायाखाली दैत्य दाबून, हात उगारून उभा असलेला. पहाटे निघाला असाल तर शीळकरी कस्तुर ऐकला असेल. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या झाडीत बसून तो शीळ घालतो, अगदी माणसाने, चालीचा पत्ता नसताना, आपल्याच नादात वाजवावी तशी. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मागे वळून पाहिलं होतं, कोण मुलगा आलाय म्हणून. ऐकली नसशील तर पुढच्या वेळी उजाडायच्या आत पायथ्याला पोच.

पुढची वेळ म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पाऊस ओसरत आलेला असतो, पायऱ्या वाळायला लागलेल्या असतात. फक्त दुपारनंतर गडगडाट होतो, परतीच्या पावसात विजा जास्त असतात, म्हणून बाराच्या आत माथ्यावरून खाली या. ढग काळवंडले तर बुरुजावर, झेंड्याच्या काठीजवळ आणि लोखंडी कठड्याला धरून थांबू नका. त्याच चौघी जा. त्या पायऱ्यांशी थांबून, कुठल्या पायरीवरून परतलो होतो ते एकमेकींना दाखवा. वर महादेवाचं मंदिर आहे, तिथे बसून डबा खा. समोर पवनेचं पाणी दिसेल, पलीकडे लोहगड आणि विसापूर जोडीने, आणि एक टोकदार सुळक्यासारखा डोंगर दिसेल. तो तुंग. तो ओळखता आला का, ते मला लिहून कळव.